पुराला श्रेय देऊ नका

हैदराबादेत मूसी नदीचा विषय निघाला की बोलणे फिरत फिरत १९०८च्या 'तुग्यानी'वर, म्हणजे महापुरावर, येते आणि एका ठरलेल्या वाक्यावर थांबते: शहर बुडाले, पण माणुसकी तरली. महाराष्ट्रालाही हे वाक्य नवे नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर आपण ते म्हटले, २६ जुलै २००५ नंतर मुंबईबद्दल म्हटले, २०१९ साली कोल्हापूर-सांगली पाण्याखाली असताना पुन्हा म्हटले. आपत्ती आली की माणसातला माणूस जागा होतो, जातधर्म गळून पडतात, आपल्याला खरोखर काय मोलाचे आहे हे त्या घटकेला उमगते, असे हे मत आहे. शाळेतल्या निबंधापासून अग्रलेखापर्यंत ते इतके रुळले आहे की त्यावर आक्षेप घेणारा माणुसकीवरच आक्षेप घेतो आहे की काय, असे वाटावे.

तरीही मला आक्षेप घ्यायचा आहे. हे मत माणसाचा गौरव करते असे दिसते, पण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेल्या गोष्टीचे श्रेय ते पुराच्या पदरात टाकते. जी कामे पुराआधी व्हायला हवी होती, त्यांचा प्रश्नही या गौरवाच्या गजरात विचारायचा राहून जातो. ज्या शहराचा दाखला दिला जातो, त्याच शहरावरून हे दाखवता येते.

आधी पूर्वपक्ष, आणि तो पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे.

२८ सप्टेंबर १९०८, सोमवार. मूसी आणि तिची उपनदी ईसी यांच्या पाणलोटात आधीपासून पाऊस कोसळत होता. शमशाबादला एका दिवसात जवळजवळ १३ इंच झाला. अफजलगंज, मुसल्लमजंग आणि चादरघाट हे तिन्ही पूल वाहून गेले. १५७८ साली कुतुबशाहीत बांधलेला पुराना पूल तेवढा उभा राहिला. कोळसावाडीसारख्या नदीकाठच्या वस्त्या पुसल्या गेल्या. पेटला बुरुजावर जीव वाचवायला चढलेले शेकडो लोक बुरुजासकट गेले, असे जुने वृत्तान्त सांगतात. मृतांचा आकडा साधारण १५ हजार धरला जातो. १९ हजार घरे पडली आणि ८० हजार माणसे, म्हणजे शहराची जवळजवळ चौथाई वस्ती, उघड्यावर आली.

आणि मग, पूर्वपक्ष सांगतो, शहराने आपले मन दाखवले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी राजवाड्यांची दारे उघडली, जागोजागी अन्नछत्रे सुरू झाली. पंतप्रधान महाराजा किशनप्रसाद मदतीच्या कामात होते. सरोजिनी नायडू पूरग्रस्तांत वावरत होत्या. लोक अजून सांगतात की खुद्द निजामाने नदीकाठी येऊन हिंदू रिवाजाप्रमाणे मूसीची आरती केली, तिला साडीचोळी आणि मोती वाहिले, आणि पाणी उतरू लागले. ही कथा कागदपत्रांत कितपत सापडते हा वेगळा मुद्दा. शंभर वर्षे हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत ती सारख्याच प्रेमाने सांगितली जाते, हे मात्र खरे आहे आणि मला ते फार मोलाचे वाटते.

पूर्वपक्षाला विद्वानांचाही आधार आहे. चार्ल्स फ्रिट्झ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकीने उद्ध्वस्त झालेली शहरे पाहिली आणि पुढे आपत्तींचा अभ्यास करताना मांडले की संकटात लोक सैरावैरा लुटालूट करत सुटत नाहीत. उलट एकमेकांना धरून राहतात, कधी कधी शांततेच्या काळापेक्षाही जास्त. रिबेका सोलनिट यांच्या २००९च्या 'अ पॅरडाइज बिल्ट इन हेल' या पुस्तकाने हेच म्हणणे सान फ्रान्सिस्कोच्या १९०६च्या भूकंपापासून न्यू ऑर्लिन्सच्या २००५च्या वादळापर्यंतच्या दाखल्यांनी जगभर पोहोचवले. हा अर्धा भाग मला निःशंक मान्य आहे. संकटात माणूस पशू होतो, म्हणून आधी बंदूकधारी पाठवा आणि मग भाकरी, हा सत्ताधाऱ्यांचा आवडता समज खोटा आहे आणि त्याने जीव घेतले आहेत. माझा वाद त्या अभ्यासकांशी नाही. संकटात माणसे चांगली वागली म्हणजे तो चांगुलपणा संकटाने दिला, असे जे त्यावरून काढले जाते, त्याच्याशी आहे.

पूर करुणेचे कारण असेल, तर तसेच संकट जिथे जिथे येईल तिथे तेच फळ दिसायला हवे. ते दिसत नाही. मूसीच्या पुरानंतर पंधरा वर्षांनी, १ सप्टेंबर १९२३ रोजी, जपानच्या कांतो प्रदेशात भूकंप झाला. तोक्यो आणि योकोहामा जळाले, लाखाहून अधिक माणसे गेली. कोरियन लोकांनी विहिरींत विष टाकले अशी अफवा उठली. गल्लोगल्ली पहारेकऱ्यांच्या टोळ्या उभ्या राहिल्या आणि हजारो कोरियनांची कत्तल झाली. धक्का एकच होता, भूक आणि भीतीही तीच होती. जपान्यांनी जपान्यांना निवारा दिला, अन्न दिले, यात शंका नाही. त्याच हातांनी शेजारच्या परक्याला मारले. न्यू ऑर्लिन्समध्येही अनोळखी माणसाला होडीतून वाचवणारे होते आणि एका वस्तीत काळ्या माणसांवर गोळ्या झाडणारेही होते. हे सोलनिट यांनी स्वतःच नोंदवले आहे. आपत्ती दोन्हीकडे होती. फरक पडला तो आपत्तीच्या आदल्या दिवशी कोण कुणाला आपला मानत होता यामुळे.

तेव्हा १९०८च्या हैदराबादबद्दल विचारायचे ते हे: पूर येण्याआधी त्या शहरात काय होते?

बरेच काही होते. दर्ग्यांच्या उर्सांत सर्वांसाठी जेवण होते, मोहर्रमला रस्त्यावर शरबत होते. देवळांचे महाप्रसाद आणि गुरुद्वाऱ्यांचे लंगर होते. ज्याच्या दारी मागायला जाता येते आणि जो हाकलून देत नाही, असा एक राजा होता. महबूब अली खानांची ही ख्याती पुराच्या कितीतरी आधीची. म्हणून तर त्यांच्या आरतीची गोष्ट लोकांनी लगेच खरी मानली. दुसऱ्या एखाद्या राजाबद्दल ती कुणी रचलीच नसती. नव्या धर्तीच्या संस्थाही उभ्या राहत होत्या. आर्यसमाज १८९२ पासून, श्रीकृष्णदेवराय आंध्रभाषा निलयम १९०१ पासून. आणि आपल्या मराठी मंडळींची विवेकवर्धिनी शाळा पुराच्या आदल्या वर्षी, १९०७ साली, सुरू झाली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारखी माणसे वर्गणी गोळा करणे, सभा बोलावणे, चारचौघांसमोर हिशेब ठेवणे या गोष्टी शहरात रुजवत होती. आपल्या घराबाहेरच्या माणसासाठी वेळ आणि पैसा काढायचा असतो, हे ज्या शहराला आधीच ठाऊक होते, त्या शहरावर पूर आला.

हे मी जवळून पाहिले ते ऑक्टोबर २०२०च्या पावसात. १३ तारखेला बेगमपेठेत एका दिवसात १९ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस झाला, घटकेसरच्या बाजूला ३० सेंटिमीटरहून जास्त. टोलीचौकीच्या नदीम कॉलनीत होड्या फिरत होत्या. जुन्या शहरात गुर्रम चेरुवु हा तलाव फुटून बाबानगरच्या गल्ल्यांत पाणी शिरले. कोरोनाचे दिवस, माणूस माणसाजवळ जायला घाबरत होता. तिथून जवळच एका फंक्शन हॉलच्या मागच्या अंगणात देगी चढल्या होत्या. बावर्ची झाकण उचलून वाफ जाऊ देई, कफगिरीच्या टोकावर चार शिते घेऊन बोटांनी दाबून पाही, मान हलवी, आणि मग पोरे देगीखालचे लाकूड मागे ओढत. पाकिटे भरणारी रांग वेगळी, गाडीवर चढवणारी वेगळी, कुठल्या गल्लीत किती गेली ते वहीत मांडणारा एक मुलगा वेगळा. कुणी आरडाओरडा करत नव्हते. हे इतके नीट कसे बसले असे विचारल्यावर कळले की रमजानमध्ये मशिदीच्या इफ्तारीचे काम हीच पोरे करतात आणि वहीही तीच आहे. अर्ध्या पानांवर रमजानचा हिशेब, पुढच्या पानांवर पुराचा.

त्या मुलांना पुराने जागे केले असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. ती जागीच होती. पाचशे माणसांचे जेवण न करपवता रांधणे, ज्याला दिले त्याला ओशाळे न करता देणे आणि दिलेल्याची नोंद ठेवणे, या तिन्ही गोष्टी एका रात्रीत येत नाहीत. ज्या मोहल्ल्यात असे काही आधीपासून चालत नव्हते तिथे सद्भावना असूनही गोंधळच झाला: एका घरात सहा पाकिटे आणि मागच्या गल्लीत एकही नाही.

आता दुसरा दावा: आपत्तीत सगळे समान होतात. पाणी श्रीमंत-गरीब पाहत नाही, हे ऐकायला बरे वाटते, पण १९०८ साली ते आधी कोळसावाडीत शिरले, कारण नदीच्या पात्रालगत राहायची पाळी गरिबांवरच येते. २०२० साली ज्या वस्त्या बुडाल्या त्यांतल्या कित्येक जुन्या तलावांच्या पोटात वसलेल्या होत्या. तिथे जागा स्वस्त मिळते ती याच कारणाने. पुढे सरकारने घरटी १० हजार रुपये जाहीर केले. वाटपात वशिला चालल्याच्या तक्रारी झाल्या, मग मी-सेवा केंद्रांपुढे आधारकार्डाच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून बायकांच्या रांगा लागल्या, आणि १ डिसेंबरची महापालिका निवडणूक तोंडावर आली म्हणून निवडणूक आयोगाने वाटप मध्येच थांबवले. रांगेत उभे कोण होते आणि कोण नव्हते, हे त्या दिवसांत शहरात असलेल्या कुणालाही सांगता येईल.

याहून बोलका पुरावा आपल्या मराठवाड्यात आहे, जो १९४८ पर्यंत याच हैदराबाद संस्थानात होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर जमीनदोस्त झाला. आठ हजारांच्या आसपास माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. अख्ख्या महाराष्ट्रातून मदत आली, ट्रकच्या ट्रक आले, आणि त्या मदतीचा मला आदर आहे. पण पंचनामे झाले, बावन्न गावे नव्या जागी वसवायची ठरली, तेव्हा घरे कशी दिली? भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचे घर, मधल्या शेतकऱ्याला ४००, आणि मोठ्या जमीनधारकाला ७५०. भूकंपाने सर्वांची घरे सारखीच पाडली होती, मातीखाली सारखीच माणसे गेली होती. तरी नवे गाव उभे करताना जुनी उतरंड फूटपट्टीने मोजून पुन्हा आखली गेली. मोठ्या शेतकऱ्याचे बैलबारदाने, धान्य आणि औते ठेवायला जागा जास्त लागते, असा युक्तिवाद त्यामागे करता येईल आणि तो अगदीच पोकळ नाही. पण भूमिहीनाच्या घरात माणसे कमी असतात असे कोण म्हणेल? आपत्तीने मनातली उतरंड मोडली असती, तर हा तक्ता कुणाच्या हातून लिहिला गेला नसता.

आणि जागी झालेली माणुसकी टिकते का? १९०८ साली ज्या संस्थानाचे मन एक झाले असे आपण म्हणतो, त्याच संस्थानात चाळीस वर्षांच्या आत रझाकारांनी गावे जाळली, आणि सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांची हत्या झाली. पंडित सुंदरलाल समितीने याची नोंद केली. पुराने शिकवलेला धडा कायमचा असता, तर ज्यांच्या आईबापांनी पूर पाहिला होता त्यांनी तरी तो लक्षात ठेवला असता.

इथवर मी युक्तिवाद केला. पण या मताबद्दल मला खरा राग आहे तो वेगळ्या कारणाने.

उस्मानिया इस्पितळाच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे. १९०८ साली ते अफजल पार्कात होते आणि तेव्हाच जुने होते. या झाडाच्या फांद्यांना धरून दीडशे माणसांनी पूर काढला. जवळ जाऊन पाहिले तर खोड खडबडीत, ढोल्या पडलेले, एका बाजूला कललेले आहे. वर चढायला पाय ठेवावा अशा गाठी आहेत. मुले कडेवर घेऊन माणसे इथे कशी चढली असतील, ओल्या साडीने फांदी कशी धरून ठेवली असेल, कुणाची पकड सुटताना शेजारच्याने काय केले असेल, हे मनात आले की बोलवत नाही. दर वर्षी २८ सप्टेंबरला शहरातले काही लोक या झाडाखाली जमतात, गेलेल्यांची आठवण काढतात. ते योग्यच करतात.

झाडावरचे दीडशे वाचले. अमजद हैदराबादी यांचे घर वाचले नाही. उर्दूतले हे थोर रुबाईकार. त्या पुरात त्यांची आई, बायको आणि मुलगी डोळ्यांदेखत वाहून गेली. घरातले ते एकटे उरले. पुढे त्यांनी 'कयामत-ए-सुग़रा' ही कविता लिहिली. अमजद यांच्या रुबायांतला समजूतदारपणा, त्यांची ईश्वरनिष्ठा यांचे मूळ लोक त्या पुरात शोधतात. आपत्तीने कवी घडवला म्हणतात. मला हे म्हणवत नाही. त्या माणसाने जे काही पुढे सांभाळले ते पुराच्या विरोधात सांभाळले. आई, बायको, मुलगी घेऊन गेलेल्या पाण्याने बदल्यात काही दिले, असे म्हणायचा अधिकार काठावरून पाहणाऱ्याला नाही. आपत्तीत मूल्ये सापडतात, हे वाक्य वाचलेल्यांचे असते, आणि त्यांतही ज्यांचे फार काही गेले नाही त्यांचे. मेलेल्यांना त्या शोधात काही वाटा नाही.

याच धर्तीचा एक मोठा वाद आपल्या देशात होऊन गेला आहे. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भूकंप झाला आणि गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे म्हटले. रवींद्रनाथांना अस्पृश्यतेची चीड गांधीजींइतकीच होती, तरी त्यांनी जाहीर विरोध केला, आणि गांधीजींनीही तो मोठ्या मनाने 'हरिजन'मध्ये छापला. रवींद्रनाथांचे म्हणणे असे की निसर्गाच्या घडामोडींना निसर्गाचीच कारणे असतात. त्यांना नीतीचे हुकूम चिकटवले तर आपली नीतीच दुबळी होते. गांधीजींचा हेतू थोर होता, पण या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. आपत्ती ही शिक्षा नव्हे, तशी ती शिकवणही नव्हे. भूकंपाला पापाचा हिशेब येत नाही आणि पुराला करुणा शिकवता येत नाही.

खंडन पुरे. मग करुणा राहते कुठे?

दामाजीपंतांची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक घरात ठाऊक आहे. दुष्काळात मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने बीदरच्या सुलतानाचे धान्याचे कोठार लोकांसाठी उघडले, आणि विठोबा विठू महाराच्या रूपाने जाऊन दाम भरून आला. कीर्तनात रंगते ती विठू महाराची भेट, आणि रंगायलाच हवी. पण दामाजीपंतांना उघडायला कोठार होते, हे आपण विसरतो. चांगल्या पिकांच्या वर्षांत कुणीतरी धान्य मोजून, वाळवून, उंदीर-किडीपासून राखून ते भरले होते. कोठार रिकामे असते तर पंतांची करुणा तेवढीच खरी असती आणि एकही पोट भरले नसते. माझे मंडन एवढेच आहे: संकटात दिसणारी करुणा त्या कोठारातली असते, आणि ते भरण्याचे दिवस संकटाचे नसतात.

मूसीच्या पुरानंतरचे सर्वांत करुणामय काम कोणते असे कुणी विचारले तर मी विश्वेश्वरय्यांच्या अहवालाचे नाव घेईन. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेला, नाशिक-खानदेशपासून पुण्यापर्यंत मुंबई इलाख्यात जवळजवळ दोन तपे नोकरी केलेला, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवलेला हा अभियंता तेव्हा नोकरी सोडून युरोपात होता. निजाम सरकारने बोलावले आणि एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादेत आले. लोक देवाच्या कोपाबद्दल बोलत होते. त्यांनी पाणलोटातले तलाव मोजायला घेतले. शहराच्या वरच्या अंगाला ७८८ तलाव निघाले, जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांतले २२१ त्या पुरात फुटले होते. म्हणजे पाऊस अस्मानी होता, पण एकेका तलावाचा बांध फुटून खालच्या तलावावर कोसळत गेलेले पाणी सर्वस्वी अस्मानी नव्हते. ज्या बांधाची डागडुजी झाली नाही, ज्याचा सांडवा अपुरा पडला, त्याची किंमत कोळसावाडीने मोजली.

ऑक्टोबर १९०९ मध्ये अहवाल सादर झाला. मूसी आणि ईसी या दोन्हींवर शहराच्या वर जलाशय बांधावेत, पूर तिथेच अडवावा, नदीचे काठ उंच करून तिथे बागा कराव्यात, शहराला भुयारी गटारे द्यावीत. सातवे निजाम मीर उस्मान अली खान गादीवर आले, १९१२ साली शहर सुधार मंडळ स्थापन झाले. उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. पुरापासून मोजले तर एकोणीस वर्षे. अन्नछत्रे केव्हाच बंद झाली होती, वर्तमानपत्रे दुसऱ्या बातम्यांकडे वळली होती, महबूब अली खान १९११ साली वारले होते. या एकोणीस वर्षांत ज्या कारकुनाने मोजमापाचे कागद पुढे सरकवले, ज्या वडार-बेलदाराने दगड घडवला, त्यांना कुणी माणुसकीचे पुतळे म्हटले नाही. ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा माणसांचे प्राण त्यांनी वाचवले. आपण ज्याला करुणा म्हणतो तिच्यात हे बसत नसेल, तर आपली करुणेची कल्पनाच तोकडी आहे.

यावर कुणी विचारील: मग पोहता येत नसताना परक्या मुलासाठी पाण्यात उडी टाकणाऱ्याचे काय? त्याने कुठे कोठार भरले होते? आक्षेप रास्त आहे. त्या उडीपुढे मी हात जोडतो; तिचा हिशेब कुठल्याही युक्तिवादात बसत नाही आणि बसवूही नये. फक्त दोन गोष्टी म्हणतो. तो माणूस पुरामुळे तसा झाला नाही. तो रस्त्यावर, आगीत, रुळांवरही तसाच धावला असता. आणि त्याला उडी टाकावी लागली, याचा अर्थ त्याच्याआधी कुणीतरी आपले काम केले नव्हते. अशा माणसाचे गुणगान करून आपण मोकळे होतो, तेव्हा पुढच्या पावसात पुन्हा त्याच्याच उडीवर विसंबतो. 'मुंबई स्पिरिट' या शब्दांना खुद्द मुंबईकर कंटाळले ते उगीच नाही. २६ जुलैला अनोळखी लोकांना घरात घेणाऱ्यांचे ऋण मोठे. पण त्या ऋणाचा गजर करत मिठी नदीचा प्रश्न मागे टाकला गेला.

हैदराबादेत आज हेच चालले आहे. उस्मानसागर आणि हिमायतसागर यांच्या भोवतीच्या १० किलोमीटरच्या पट्ट्यात मोठी बांधकामे होऊ नयेत, असा आदेश १९९६ साली निघाला होता. क्रमांक १११, ८४ गावांना लागू. २०२२ मध्ये ते निर्बंध उठवले गेले. कारण असे दिले की शहर आता पिण्याच्या पाण्यासाठी या तलावांवर अवलंबून नाही. पण हे जलाशय मुळात पूर अडवण्यासाठी सुचवले गेले होते. त्यांचे पाणलोट काँक्रीटने झाकले तर पाणी जास्त येणार, वेगाने येणार, हे विश्वेश्वरय्यांचा अहवाल न वाचताही कळते. सप्टेंबर २०२५च्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले आणि मूसीचे पाणी महात्मा गांधी बसस्थानकात शिरले. नांदेड-लातूर-सोलापूरकडच्या आपल्या माणसांना इमलीबनचा हा स्टँड चांगला माहीत आहे. प्रवाशांना रात्री तिथून बाहेर काढावे लागले, आणि मदत करणारे हात याही वेळी होते.

चादरघाट, मूसानगर, शंकरनगर या नदीकाठच्या वस्त्यांतल्या घरांवर २०२४च्या सप्टेंबरात लाल खुणा पडल्या. नदीच्या पात्रातून तुम्हाला उठावे लागेल, बदल्यात दोन खोल्यांचे सरकारी घर मिळेल, असे सांगितले गेले. नदीला जागा मोकळी करून द्यायला हवी, हे १९०८च्या स्मृतीत जगणाऱ्या शहराला नाकारता येणार नाही. पण त्या घरांत भाड्याने राहणाऱ्यांचे नाव यादीत आहे का? पोरांची शाळा, बाईची चार घरची कामे, म्हाताऱ्याचा दवाखाना नव्या जागेपासून किती लांब आहे, हे कुणी चालत जाऊन मोजले का? घराचा आकार ठरवताना किल्लारीची फूटपट्टी पुन्हा वापरली जाणार का? वरच्या पाणलोटात इमले बांधणाऱ्यांना जो नियम सैल झाला, तो खालच्या काठावरच्या झोपडीलाच कडक का? हे प्रश्न पाणी छातीशी आल्यावर विचारता येत नाहीत. ते विचारायचे दिवस दिवाळीपासून मृगापर्यंतचे, मूसीत जेमतेम घोटाभर काळे पाणी वाहत असते तेव्हाचे.